दोघांसाठी खोली

जेवता जेवता लिफ्टमास्तरांचा चमचा तोंडाशी थांबला, की त्यांच्या बायकोला कळायचं, जिन्यापलीकडे लिफ्ट वाजली. तिला स्वतःला काहीच ऐकू आलेलं नसायचं. मास्तर मान तिरकी करायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "दाराचा रोलर घासतोय. वरच्या मजल्यावरचा." मग जेवण अर्धं टाकून, हत्यारांची पिशवी उचलून, पायातल्या सपातांनिशीच ते बाहेर पडायचे. परत येईपर्यंत सूप गार झालेलं असायचं आणि बायको भांडी घासायला लागलेली असायची.

लिफ्ट सांभाळणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म काढला होता. 'मास्तर' ही पदवी कंपनीनं दिलेली नव्हती. नव्या माणसांना काम शिकवताना ते इतके करवादायचे, की कुणीतरी वैतागून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. माणूस तसा सरळ. व्यसन नाही, उधळेपणा नाही, घरी वेळेवर येणार. फक्त बोलणं कमी. बायकोनं काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. "बघू." शेजारच्या काकूंनी रविवारी बोलावलंय. "बघू." मुलगी लग्न होऊन दूर गेली, घर खायला उठतंय, चार दिवस कुठंतरी जाऊन येऊ या का. "बघू." आणि बघायचं म्हणून जे काही होतं ते सगळं मास्तर लिफ्टच्या खोबणीत वाकून बघत असायचे.

एवढ्या तिखट कानाच्या माणसाला आपली बायको आपल्याच घरात दुसऱ्या कुणाशी तरी हसते आहे, हे ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. डोळ्याला भिंग लावून, मुंगीएवढे स्क्रू पिळत दिवसभर उंच स्टुलावर बसायची. त्या स्टुलावरूनच एकदा उतरताना तिचा गुडघा पिरगळला आणि डॉक्टरांनी तिला घरी बसवलं. तिची भाची भेटायला आली होती. ती म्हणाली, "मावशी, भिंतीकडे किती बघत बसशील? एखादी भाषा तरी शीक." आणि तिनं मावशीच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात एक हिरवा बेडूक होता. धडा चुकवला की तो रडायचा, धडा केला की उड्या मारायचा.

"फुकट आहे?" मास्तरांनी विचारलं होतं.

"फुकट आहे, काका. सगळं फुकट आहे. व्हिडिओ आहेत, रेडिओ आहे, बोलायला माणसंसुद्धा मिळतात."

"फुकट म्हणजे त्यात काहीतरी पाणी मुरत असणार," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा त्यांनी पेपरात डोकं घातलं. पुढं त्यांना वाटायला लागलं, की तेव्हाच उठून ते पाणी कुठं मुरतंय ते पाहायला हवं होतं.

कारण गुडघा बरा झाला तरी बेडूक गेला नाही. बायको दुकानात जायला लागली आणि येताजाता कानात फोनचं ते नळकुटं घालून तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली. भाजी चिरताना त्या देशाचा रेडिओ. कपडे वाळत घालताना कुठल्याशा बाईंचे व्हिडिओ. भाषा कुठली, तर एका थंडगार देशातली, जिथं या घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं आणि जायची शक्यताही नव्हती. "हीच का?" असं मास्तरांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "कानाला गोड लागते." कानाला काय गोड लागावं हे आपल्या घरात आपण ठरवतो, अशी मास्तरांची आजवर समजूत होती.

आणि मग आला कोटवाला.

भाचीनंच एक जागा दाखवली होती. त्या देशातली माणसं इथली भाषा शिकायला बघत होती, इथली माणसं त्यांची. दोघांनी जोडी जमवायची, अर्धा वेळ इकडच्या भाषेत बोलायचं, अर्धा वेळ तिकडच्या. ना फी, ना वर्ग. बायकोच्या वाट्याला एक म्हातारा आला. आयुष्यभर बस चालवून घरी बसलेला. त्याच्या मुलानं इकडची बायको केली होती, आणि सुनेच्या आईवडिलांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून हा गृहस्थ या वयात पाटी-पेन्सिल घेऊन बसला होता. दर रविवारी दुपारी तो फोनच्या पडद्यावर उगवायचा. अंगात जाड करडा कोट, घरात बसलेला असला तरी. म्हणून मास्तरांनी त्याचं नाव कोटवाला ठेवलं.

"तो कोट कधी काढत नाही का?" पहिल्या रविवारी मास्तरांनी विचारलं.

"त्यांच्याकडे थंडी असते."

"त्यांच्याकडे?" मास्तर म्हणाले. "लगेच 'ते' झाले का?"

"वयानं मोठे आहेत. 'अरे-तुरे' करू का?"

मास्तरांनी पेपर उघडला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो तेव्हापासून. फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा. रविवारी दुपारी बायको भांडी आधीच उरकून घ्यायची, केस विंचरायची, आणि कामाचा चष्मा काढून तपकिरी फ्रेमचा ठेवणीतला चष्मा लावायची. मास्तरांनी हे टिपलं. तो चष्मा भाचीच्या साखरपुड्याला लावला होता, त्यानंतर कोटवाल्यासाठी. मधल्या काळात नवऱ्यासाठी म्हणून तो डबीतून एकदाही बाहेर आलेला नव्हता.

पहिला अर्धा वेळ आपल्या भाषेतला. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नसायचं, हाच मास्तरांना आक्षेप होता. कोटवाला अडखळत वाचायचा, "टमाटा लाल आहे. मी बसला थांबवतो. माझा सून चांगली आहे." बायको सावकाश दुरुस्त करायची. एखाद्या खुळ्या मुलाशी बोलावं तसलं ते बोलणं. फक्त एक शब्द तो असा झोकात म्हणायचा, की इथंच लहानाचा मोठा झाला असावा. तो शब्द होता 'बघू'. काही जमलं नाही की कोटवाला खांदे उडवून म्हणायचा, "बघू," आणि बायको तोंडावर हात ठेवून हसायची. यात एवढं हसण्यासारखं काय आहे, ते मास्तरांच्या लक्षात येत नसे. सोपा तर शब्द होता.

मग दुसरा अर्धा वेळ. बायको त्यांच्या भाषेत सुरू व्हायची आणि घर परकं व्हायचं. ती हातवारे करायची, थांबायची, शब्द शोधायची, सापडला की तोंड उजळायचं. आणि हसायची. मास्तरांना आवाजातलं कळत होतं. तिचं दुकानातलं हसणं त्यांना माहीत होतं, शेजारणीशी बोलतानाचं माहीत होतं, फोटो काढतानाचं तर होतंच. हे त्यातलं नव्हतं. हे खालून, पोटातून येणारं होतं. असं ती लग्नानंतरची पहिली काही वर्षं हसायची. मास्तर दाराआड बिजागरीला तेल घालत उभे होते. बिजागरीला तेलाची गरज नव्हती. त्यांच्या पोटात मात्र भडका उडाला होता.

सरळ सांगायचं तर मास्तर जळत होते. एका पेन्शनीत निघालेल्या, कोट न काढणाऱ्या, टमाट्याला लाल म्हणण्यापलीकडे गती नसलेल्या म्हाताऱ्यावर. आणि आपण त्याच्यावर जळतोय याची लाज वाटून आणखी जळत होते. हे सगळं एका साध्या वाक्यात मिटलं असतं. "तुम्ही काय बोलता गं?" एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं तर आपण कान लावून बसतो हे उघड होणार, आणि ती म्हणणार, काही नाही, असंच. त्या 'असंच'वर विश्वास ठेवायचा की नाही, हा पुढचा घोळ. शिवाय मास्तरांची कामाची एक रीत होती. लिफ्ट वाजत असेल तर ते रहिवाशांना काही विचारत नसत. लोक काहीही सांगतात. छतावरच्या मशीनघरात जायचं, दार लावून घ्यायचं आणि स्वतः ऐकायचं. हीच रीत त्यांनी बायकोला लावली. ती भाषा आपणच शिकायची आणि ताकास तूर लागू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

मशीनघर म्हणजे इमारतीच्या अगदी वरची खोली. तिथं मोटर, तिथं लिफ्टचे पोलादी दोर, आणि माणूस कुणी येत नाही. मास्तरांनी तोच बेडूक आपल्या फोनमध्ये घालून घेतला आणि दोन इमारतींच्या मधल्या फावल्या वेळात, उलट्या बादलीवर बसून शिकायला सुरुवात केली. बेडूक त्यांना काय शिकवायचा? हत्ती दूध पितो. माझ्या घोड्याची टोपी हिरवी आहे. मी लहान मुलगी आहे. हे मोठ्यानं म्हणावं लागे, नाहीतर बेडूक पुढं जाऊ देत नसे. एके दिवशी मास्तर अशाच एका मशीनघरात लिफ्ट बंद करून बसले होते, आणि खाली अडकलेल्या लिफ्टमध्ये एक बाई होत्या. त्यांना वरच्या अंधारातून एका दणकट पुरुषाचा परक्या भाषेतला आवाज पुन्हा पुन्हा तेच म्हणताना ऐकू येत होता. बाईंनी कंपनीत तक्रार केली. मास्तरांच्या कामावरच्या जोडीदारानं, ज्याला सगळे बुवा म्हणत, त्यांना गाठलं.

"मास्तर, मशीनघरात काय म्हणत होता?"

"मोटर मोजत होतो."

"ती बाई म्हणते, मंत्र म्हणत होता."

"मग मंत्र म्हणत होतो," मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

पण घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हत्ती दूध पितो की सरबत, याच्याशी मास्तरांना देणंघेणं नव्हतं. त्यांना घाई होती. बेडकाच्या रांगेत पुढं होते स्वयंपाकघराचे धडे, मग घरातल्या वस्तू, मग शरीर, शेजारीपाजारी, आजारपण. नवराबायकोच्या संशयाशी यातल्या कशाचाही संबंध नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. बायको ज्यांचे व्हिडिओ बघायची, त्याच बाईंचे व्हिडिओ त्यांनी शोधून काढले. तिथं हवा तो धडा उघडता येत होता. मास्तर थेट उडी मारून पोचले 'प्रेमात पडल्यावर काय म्हणाल' इथं. मग 'भेट ठरवणे'. मग 'हॉटेलात खोली घेणे'. मग 'तिकिटं आणि प्रवास'. बाई फळ्यासमोर उभ्या राहून गोड हसत म्हणायच्या, माझं हृदय तुझं आहे. मास्तर ग्रीस लागलेल्या हातांनी फोन धरून म्हणायचे, माझं हृदय तुझं आहे, आणि दोरांवरचं तेल पुसायचे.

एव्हाना त्यांचा शब्दसंग्रह फार एकांगी झाला होता. त्यांना चुंबन येत होतं, पण चमचा येत नव्हता. दोन माणसांसाठी, समुद्राकडे खिडकी असलेली खोली मागता येत होती, पण नळ, गुडघा, शेजारीण यातलं काही येत नव्हतं. ते मात्र खुशीत होते. एकदा जेवताना त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून बेडूक ओरडला. त्या दिवशीचा धडा राहिला होता. बायकोनं मान वर केली.

"ते काय?"

"लिफ्टची नवीन घंटी," मास्तर म्हणाले. "बसवायची आहे."

"असं," ती म्हणाली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

रविवारमागून रविवार गेले. मास्तर बिजागऱ्यांना तेल घालत राहिले, त्या घराची दारं इतकी हलकी कधीच फिरली नव्हती. पण कानावर त्यांच्या ओळखीचा एकही शब्द पडेना. हृदय नाही, भेट नाही. एखाद्या माणसाला यावरून हायसं वाटलं असतं. मास्तरांना वाटलं, फार सावध आहेत दोघं.

आणि मग एका रविवारी ते शब्द आले, एकामागून एक. खोली. दोघांसाठी. खिडकी. समुद्र. दोन महिन्यांनी. तिकीट. मधले शब्द कळत नव्हते, त्यांच्या नुसत्या फटी होत्या, पण फटी भरायला मास्तरांना वेळ लागला नाही. खोली दोघांसाठी. तिची आणि कोटवाल्याची. पलीकडून कोटवाला काहीतरी म्हणाला, बायको हसली, आणि ती पुन्हा म्हणाली, दोघांसाठी. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेलाची डबी हातातून सुटली आणि फरशीवर तेलच तेल झालं. बायकोनं वळून पाहिलं. "फडकं मोरीत आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

त्या आठवड्यात मास्तरांना अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी घरी आले तर कपाटाजवळ नवी कोरी बॅग, चाकांची.

"ही कुणाची?"

"माझी."

"कुठं निघालीस?"

"तुम्हाला सांगितलंय मी," बायको म्हणाली, अगदी शांतपणे, काचेवरची धूळ पुसावी तशी.

काय हा निगरगट्टपणा, असं मास्तरांच्या मनात आलं. म्हणे सांगितलंय. कधी सांगितलं, कुणाला सांगितलं? पण ते पुढं काही बोलले नाहीत. पुरावा अर्धा होता. त्या शब्दांमधल्या फटी भरल्याशिवाय तोंड उघडलं तर आपलंच हसं होईल. कोटवाला पडद्यावरून खांदे उडवून बघू म्हणेल आणि ती तोंडावर हात ठेवेल. त्या नुसत्या कल्पनेनं त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून ते मागं फिरले. ज्या धड्यांवरून उडी मारली होती ते सगळे त्यांनी खालून काढले. स्वयंपाकघर, भांडी, नळ, गळणे, टपकणे. शरीर, गुडघा, दुखणे, जिना चढणे. घर, संध्याकाळ, गप्प, एकटी. फुकट मिळेल ते त्यांनी सोडलं नाही. बेडूक, बाईंचे व्हिडिओ, त्या देशाच्या रेडिओवर परक्यांसाठी सावकाश वाचल्या जाणाऱ्या बातम्या, वाचनालयानं लोकांसाठी मोकळी ठेवलेली ध्वनिफीत. बुवा म्हणाला, "मास्तर, हल्ली तुम्ही एकाही लिफ्टचा आवाज ऐकलाच नाही." मास्तरांनी तेही ऐकलं नाही. मत्सरानं माणूस आंधळा होतो असं कुणी म्हणत असेल तर म्हणो, मास्तर अभ्यासू झाले होते. इतकं मन लावून ते आयुष्यात काहीच शिकले नव्हते.

आणि फरक पडला. रविवारी बायकोचं बोलणं आता सुटं सुटं ऐकू यायला लागलं. एकेक शब्द वेगळा, वाक्य संपलं की थोडी उसंत. ही आपल्या मेहनतीची फळं आहेत असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं आणि मिशीला उगाच हात लावला.

मग तो रविवार आला. मास्तर स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडद्याचा दांडा घट्ट करत होते. तोही घट्टच होता. खाली टेबलाशी बायको, ठेवणीतला चष्मा, साखरेचा डबा, पडद्यावर कोटवाला. आपल्या भाषेतला अर्धा वेळ संपला. बायकोनं घसा साफ केला आणि ती त्यांच्या भाषेत बोलायला लागली.

"नळ अजून गळतो," ती म्हणाली. हे मास्तरांना कळलं. लख्ख कळलं, आणि हातातला पेचकस थांबला.

"फार वर्षं?" कोटवाल्यानं विचारलं.

"फार. मी रात्रीचं खाली फडकं ठेवते, म्हणजे आवाज होत नाही. गुडघा जिन्यावर दुखतो. दुकानात आता स्टूल बदललं, ते मी घरी सांगितलं. शेजारच्या काकू बाहेरगावी राहायला गेल्या, तेही सांगितलं. संध्याकाळी आमचं घर फार गप्प असतं."

मास्तर वाट बघत होते. खोली कधी येते, समुद्र कधी येतो. नळ आणि गुडघ्याच्या मागं मुद्द्याचं काहीतरी दडलेलं असणार. पण मुद्द्याचं येईना. स्टूल आलं, काकू आल्या, मुलीच्या हाताला भाजलं होतं ते आलं, दुकानाच्या मालकानं काचांचं नवं यंत्र आणलंय ते आलं. हे सगळं मास्तरांना नवीन होतं. काकू गेल्या? मुलीला भाजलं? कधी?

"आणि समुद्र?" कोटवाल्यानं विचारलं.

मास्तरांनी दांडा दोन्ही हातांनी धरला.

"खोली ठरवली आहे. दोघांसाठी. समुद्राकडे खिडकी आहे. पुढच्या महिन्यात. मी माझ्या नवऱ्याला तीनदा विचारलं. पहिल्यांदा तो जेवत होता. मग पेपर वाचत होता. मग लिफ्ट वाजली आणि तो गेला. रस्त्यापलीकडची लिफ्ट त्याला ऐकू येते." ती क्षणभर थांबली. "तो नाही आला तर मी एकटी जाईन. दुसऱ्या पलंगावर माझी बॅग ठेवीन."

"त्यानं काय उत्तर दिलं?" कोटवाल्यानं विचारलं, पण उत्तर त्याला माहीत असावं, कारण त्यानं आधीच खांदे वर केले होते.

बायकोनं मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि मास्तरांच्या आवाजात, मास्तरांच्याच भाषेत म्हणाली, "बघू."

"बघू," कोटवाला म्हणाला, अगदी तस्साच. या वेळी दोघांपैकी कुणी हसलं नाही.

निरोप झाला. बायकोनं फोन पालथा ठेवला, चष्मा काढून डबीत घातला आणि स्टुलाकडे न बघताच म्हणाली, "सगळं कळलं, की काही राहिलं?"

मास्तर स्टुलावरच होते. उतरावं की तिथंच राहावं, हे त्यांना ठरवता येईना. "तुला माहीत होतं?"

"लिफ्टच्या घंटीसारखा ओरडणारा बेडूक माझ्याही फोनात आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. किती सावकाश बोलत होते, एकेक शब्द तोडून. तुम्हाला कळावं म्हणून." तिनं साखरेचा डबा उचलून फळीवर ठेवला. "आपल्या भाषेत सांगून झालं होतं सगळं. तुम्ही ऐकत नव्हता. म्हटलं, ज्या भाषेत कान देताय त्या भाषेत सांगावं."

मास्तर उतरले. पोटातला भडका विझायला हवा होता, कारण कोटवाल्याबरोबर कुणी कुठं जात नव्हतं. पण तो विझला नाही, उलट त्याला आता खरं जळण मिळालं. इतके दिवस वाटत होतं, की त्या म्हाताऱ्याला काहीतरी वेगळं मिळतंय, आपल्याला कधीच न मिळालेलं. आणि त्याला मिळत होता त्यांचाच नळ. त्यांच्याच बायकोचा गुडघा. जे मास्तरांच्या ताटात रोज वाढलं जात होतं आणि तसंच उचललं जात होतं, ते हा परका माणूस दर रविवारी वहाणा काढून बसावं तसा बसून ऐकत होता.

"त्याला माहीत होतं? मी ऐकतोय ते?"

"सावकाश बोलायचं त्यांनीच सुचवलं."

हे फारच झोंबलं. ज्याच्यावर इतकं जळावं त्यानंच आपली कीव करावी, हे मास्तरांना सहन होईना. मास्तर खुर्चीत बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांना आता एका परक्या भाषेत नळ दुरुस्त करा, तुमचं दुःख मला समजतं, माझं हृदय तुझं आहे, असं सगळं म्हणता येत होतं, आणि आपल्या भाषेत एकही वाक्य सुचत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यापलीकडे लिफ्ट वाजली. रोलरच, वरच्या मजल्यावरचा, फार दिवस दुर्लक्ष झाल्यामुळं चांगलाच करकरत होता. मास्तरांची मान सवयीनं तिरकी झाली. बायकोनं ते पाहिलं आणि हत्यारांच्या पिशवीकडे बोट केलं.

"लिफ्ट वाजतेय."

"वाजू दे," मास्तर म्हणाले.

ती वाजत राहिली. बायको ओट्याशी गेली, पाणी भरायला किटली नळाखाली धरली. नळ बंद केला तरी थेंब पडत राहिले, आणि मास्तरांना ते आज ऐकू येत होते, एकेक, अगदी स्पष्ट.

"समुद्रावर," ते म्हणाले. "मी येऊ का?"

बायकोनं किटली शेगडीवर ठेवली. फडकं घडी करून नळाखाली सरकवलं.

"बघू," ती म्हणाली.